जुन्या मिलमधल्या सोबत्यांची वही कशी करावी

जुन्या मिलमधल्या सोबत्यांची नावे लिहून काढायला बसलेला माणूस बहुधा पहिल्या पानावर एकाखाली एक आकडे घालतो आणि बाराव्या-तेराव्या आकड्यापाशी अडतो. मग त्याला वाटते की आपले वय झाले, आता काही आठवत नाही, आणि वही कपाटात जाते. माझ्या अनुभवात स्मरण इतक्या लवकर संपलेले नसते. विचारण्याची रीत चुकलेली असते. मिलमध्ये आपण कोणालाही यादीतले नाव म्हणून ओळखत नव्हतो. कोण कोणत्या साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहतो, कोणत्या पाळीला येतो, डबा कोणाबरोबर खातो, भोंगा झाल्यावर कोणाच्या सायकलवर मागे बसून जातो, यावरून आपण माणसे ओळखत होतो. म्हणून नाव आठवण्याचा प्रयत्न करू नये. जागा आठवावी, म्हणजे त्या जागेवरचा माणूस नाव घेऊन येतो.

मी सोलापुरातल्या एका कापड मिलच्या टाइम ऑफिसात २२ वर्षे कारकून होतो. हजेरीपुस्तक माझ्या हाताखाली असल्यामुळे कोणाचा तिकीट नंबर, म्हणजे हजेरीतला क्रमांक, सांगितला की चेहरा डोळ्यांसमोर येई. मिल बंद पडली तेव्हा ती पुस्तके कुलूपबंद इमारतीत राहिली आणि नंतर ती कोणाच्या हाती लागली नाहीत. इतक्या माणसांच्या रोजच्या येण्याजाण्याची नोंद अशी नाहीशी व्हावी, हे मला फार लागले, आणि म्हणून मी ती माझ्यापुरती पुन्हा लिहायला घेतली. त्या कामात जे शिकलो ते येथे लिहीत आहे. आमच्या गावात १८७७ साली सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग मिल अजूनही ‘जुनी मिल’ म्हणूनच ओळखली जाते आणि ती उभारणाऱ्या मुरारजी गोकुळदासांचे नाव मुरारजी पेठेत टिकून आहे. मालकाचे नाव पेठेला राहिले, पण साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसांची नावे आपण लिहिली नाहीत तर ती कोठेच राहणार नाहीत.

वही मोठी, फुलस्केप आकाराची आणि शिवलेली घ्यावी. सुटे कागद कधीही घेऊ नयेत. उजव्या पानावर आपण लिहावे आणि डावे पान पूर्ण कोरे सोडावे. ही वही जो जो सोबती पाहील तो काहीतरी दुरुस्त करील, आणि त्याची दुरुस्ती आपल्या मजकुरावर काट मारून न लिहिता समोरच्या पानावर, त्याच्या नावानिशी आणि तारखेसह लिहून घ्यावी. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही ठेवावे. एकाच माणसाबद्दल एक जण ‘१९८० ला लागला’ म्हणतो आणि दुसरा ‘आणीबाणीत लागला’ म्हणतो, तेव्हा खरे कोणाचे हे ठरवण्याची घाई करण्याचे कारण नाही. तिसरा माणूस भेटला की ते बहुधा आपोआप ठरते.

पहिल्या दिवशी एकही नाव लिहू नये. आपल्या खात्याचा नकाशा काढावा. दार कोणत्या बाजूला होते, खांब किती होते, साच्यांच्या रांगा कशा लागल्या होत्या, कामावर देखरेख करणारा जॉबर कोठे उभा राहत असे, पिण्याच्या पाण्याचा रांजण कोठे होता, सूत आणणारी गाडी कोणत्या वाटेने येई, उन्हाळ्यात जरा वारा लागावा म्हणून सगळे कोणत्या खिडकीपाशी सरकत, हे सारे काढावे. चित्र सुबक नसले तरी चालते, मात्र प्रत्येक रांग आणि प्रत्येक खांब त्यात आला पाहिजे. दुसऱ्या दिवशी दारातून आत शिरल्यासारखे बोट फिरवत एकेक जागेपाशी थांबावे आणि जे आठवेल ते लिहावे, मग ते नाव असो, आवाज असो किंवा नुसती टोपी असो. ज्या जागा रिकाम्या राहतील तेथे लहान गोल काढून पुढे जावे. एका बैठकीत एकापेक्षा जास्त खाते घेऊ नये, कारण सूत कातण्याच्या रिंग खात्यातला माणूस सुताला खळ लावण्याच्या सायझिंग खात्यात जाऊन बसतो आणि मग तो गोंधळ निस्तरता निस्तरत नाही.

या रीतीने काय होते त्याचे एक उदाहरण देतो. साचेखात्याच्या नकाशात दाराकडून चौथ्या खांबाशेजारची जागा माझ्याकडे तीन महिने रिकामी होती. तेथे एक उंच गृहस्थ उभे राहत, एवढेच स्मरत होते. एके दिवशी घरी कडक भाकरी मोडताना तिचा आवाज झाला आणि चौथ्या खांबाच्या खिळ्याला टांगलेला एक डबा डोळ्यांपुढे आला. त्या डब्याला झाकण नव्हते. त्याच्या तोंडावर धुतलेल्या कापडाचा तुकडा सुतळीने बांधलेला असे, आणि डबा सोडताना ते गृहस्थ ती सुतळी तर्जनीभोवती गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवत. ती सुतळी आठवली आणि पाठोपाठ त्यांचे नाव, त्यांचे अक्कलकोटकडचे गाव आणि त्यांचा तिकीट नंबर, सारे एका दमात आले. म्हणून रिकाम्या जागेपाशी नावासाठी अडून न बसता तेथे काय टांगलेले होते, काय ठेवलेले होते, तेथे कशाचा वास येई, हे स्वतःला विचारावे.

जागेनंतर काळ येतो. सन विचारला तर माणसे चुकतात, पण घटना विचारली तर क्वचितच चुकतात. ‘तुम्ही कोणत्या साली लागलात’ असे न विचारता ‘७२ च्या दुष्काळाआधी की नंतर’ असे विचारावे. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींच्या हत्येची बातमी आली तेव्हा कोणती पाळी चालू होती, हे बहुतेकांना सांगता येते. माझ्या वहीत सर्वांत अधिक नावे भरली ती ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेने. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून गाव उशिरा झोपले होते, आणि चार वाजायच्या सुमारास किल्लारीचा भूकंप सोलापूरलाही हादरवून गेला. ‘त्या रात्री तिसऱ्या पाळीला कोण कोण होते’ हा एकच प्रश्न मी आजवर कित्येकांना विचारला आहे. कोण दाराकडे धावले, कोणी साचा बंद केला, कोण रजेवर होते म्हणून घरी मुलाबाळांत होते, कोणाचे पाहुणे लातूरकडचे होते, हे प्रत्येक जण सांगतो, आणि त्या एका रात्रीची हजेरी जवळजवळ पुरी उभी राहते.

कागद शोधण्यास त्यानंतर लागावे, आधी नाही. आधी कागद पाहिले की मन कागदापुरतेच आठवते. पितळी बिल्ला, पगाराच्या पावत्या, ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाच्या स्लिपा, पतपेढीचे पासबुक हे सर्वांनाच सुचते. दोन कागद मात्र हमखास विसरले जातात. पहिला म्हणजे भिशीची वही. २० जणांची भिशी असेल तर तीत २० नावे, कोणाची कोणत्या महिन्यात लागली ते आणि जामीन कोण होते ते, अशी सारी नोंद एका हातची सापडते. आणि भिशी एकमेकांवर विश्वास असणाऱ्यांचीच होत असल्यामुळे कोण कोणाच्या जवळचे होते हेही कळते. दुसरा कागद म्हणजे लग्नपत्रिका. खात्यातल्या माणसाच्या घरचे लग्न असले की पत्रिकेत त्याचे पूर्ण नाव, आडनाव, मूळ गाव, राहण्याची पेठ आणि भाऊबंदांची नावे छापलेली असत. आमच्या घरी जुन्या पत्र्याच्या पेटीत तळाला घातलेल्या पत्रिका निघाल्या आणि त्यांतून मला एकाच दुपारी ११ पूर्ण नावे मिळाली.

नोंद करताना प्रत्येकाचे निदान दोन प्रकारचे नाव लिहावे लागते, एक हजेरीपुस्तकातले आणि दुसरे हाकेचे. सोलापुरात हे काम जरा नेटाने करावे लागते, कारण एकाच रांगेत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी बोलणारी माणसे उभी असत. पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर, घरांतील आडनाव, ज्याला ते ‘इंटिपेरु’ म्हणतात, टाइम ऑफिसातल्या आमच्यासारख्या कारकुनांनी ऐकू येईल तसे लिहिले, आणि पुढे फंडाच्या कागदांवर एक, रेशनकार्डावर दुसरे आणि मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर तिसरे अशी त्याची रूपे झाली. त्या घरी जाऊन ते कसे उच्चारतात हे ऐकावे आणि त्यांच्याच घरातल्या कोणाकडून देवनागरीत लिहून घ्यावे. आपण केलेली चूक निदान या वहीत तरी सुधारावी, असे मला मनापासून वाटते. हाकेच्या नावांबाबत माझा नियम असा आहे की जे नाव तो माणूस स्वतः सांगत असे, जसे मास्तर, पैलवान किंवा अण्णा, ते लिहावे; पण जे नाव इतर जण त्याच्या व्यंगावरून किंवा जातीवरून घेत असत ते आठवत असले तरी लिहू नये.

स्त्रियांची नावे सर्वांत लवकर पुसली जातात. सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत बायका काम करीत, पण त्यांच्याविषयी विचारले की पुरुष सोबती ‘अमक्याची मावशी’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगतात. म्हणून हा भाग स्त्रीकडूनच लिहून घ्यावा. एक अक्का भेटल्या की त्या आपल्या बाजूच्या सगळ्यांची स्वतःची नावे सांगतात आणि कोणाचे बाळ पाळणाघरात कोणाच्या बाळाशेजारी झोपत असे हेही सांगतात. विडी कामगार बायकांनाही हीच रीत उपयोगी पडते. विड्या घरी वळल्या जात असल्या तरी पान-तंबाखू घ्यायला आणि माल द्यायला विडी कारखान्याच्या ब्रँचपुढे ओळ लागे. त्या ओळीत आपल्या पुढे कोण आणि मागे कोण, नापास झालेल्या विड्यांवरून कारकुनाशी कोण सर्वांसाठी बोले, येथून सुरुवात करावी.

आता माणसे कोठे भेटतात ते सांगतो. कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली आणि तिचे पेन्शन घेणाऱ्याला वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. हा दाखला आता वर्षभरात केव्हाही देता येतो आणि दिल्या दिवसापासून १२ महिने चालतो, तरी जुन्या माणसांची सवय नोव्हेंबरचीच आहे. त्या महिन्यात सकाळी बँकेच्या बाकावर तासभर बसले तर आपल्या वेळचे दोघे-तिघे सहज भेटतात. नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवाला शहराच्या पूर्व भागातली पद्मशाली मंडळी रस्त्यावर येतात आणि भिवंडीला, पुण्याला गेलेली मुलेही वडिलांना घेऊन येतात. संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला होम मैदानावर गड्डा भरतो तेव्हाही तसेच होते. मात्र गर्दीत वही काढू नये. पत्ता आणि फोन नंबर घ्यावा, आणि आठ दिवसांच्या आत घरी जावे. पुढे ढकललेली भेट राहून जाते, आणि आपल्या वयात राहून गेलेल्या भेटीची भरपाई होत नाही.

घरी गेल्यावर लगेच प्रश्न विचारू नयेत. ‘मला ओळखलेत का’ हा प्रश्न तर कधीच विचारू नये. न ओळखणाऱ्याला त्याची लाज वाटते आणि पुढचे सगळे बोलणे अवघडते. आपले नाव, खाते आणि पाळी आपणच आधी सांगावी. ज्यांना सांगायला सुचत नाही त्यांच्या हातांना विचारावे, कारण साचेखात्यात धोट्यांच्या आवाजात बोललेले ऐकू येत नसे आणि सारा कारभार खुणांनी चाले. विडी घरकुल या वसाहतीत राहणाऱ्या एका वृद्ध विणकराकडे मी गेलो होतो. अर्धांगानंतर त्यांचे बोलणे तुटक झाले होते आणि मुलगा म्हणाला, ‘‘काका, आता त्यांच्या लक्षात काही राहत नाही.’’ मी धोतराच्या काठाचा एक धागा काढून, तोडून, त्याची दोन टोके त्यांच्या हातात दिली. त्यांनी खाली न पाहता अंगठ्याच्या नखाने एक टोक दाबले, दुसरे त्याभोवती फिरवले आणि विणकराची गाठ मारून धागा ओढून दाखवला. मग डाव्या बाजूला मान वळवून त्यांनी दोन बोटे कपाळाला लावली. ती शेजारच्या साच्यावरच्या चाचांची खूण होती. पाळी संपली की चाचा तसा सलाम करीत. त्या खुणेनंतर त्यांनी चाचांचे नाव स्पष्ट उच्चारले, आणि माझ्या नकाशातली डावीकडची जागा भरली.

बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावयाचे असेल तर परवानगी घेऊन करावे आणि आरंभी तारीख, ठिकाण व बोलणाऱ्याचे नाव आपणच उच्चारावे. माणसाला ज्या भाषेत बोलावेसे वाटते तीत बोलू द्यावे. तेलुगूत किंवा कन्नडमध्ये सांगितलेले नातवंडांकडून नंतर समजून घेता येते, पण मराठीत सांगायला लावले तर निम्मे सांगायचे राहते. छायाचित्र मिळाले तर त्याच्या मागे बॉलपेनने लिहू नये, शाई पुढे उमटते. मऊ शिसपेन्सिलीने, डावीकडून उजवीकडे उभे असलेल्यांची आणि बसलेल्यांची नावे लिहावीत. मूळ फोटो घरच्यांकडेच राहू द्यावा आणि आपण त्याची प्रत घ्यावी.

दिवंगतांची नोंद हा या कामातला सर्वांत जपून करावयाचा भाग आहे. एका सोबत्याविषयी दोघांनी ‘गेले’ असे सांगितले म्हणून मी त्यांच्या नावामागे ‘कै.’ लिहिले, आणि पुढच्या नोव्हेंबरात ते मला बँकेत भेटले. त्यांना मी काही बोललो नाही, पण घरी येऊन ते पान काढून नवे लिहीपर्यंत मला चैन पडले नाही. तेव्हापासून घरच्या माणसाने सांगितल्याशिवाय मी कोणाच्याही नावामागे ती अक्षरे लिहीत नाही. लिहितानाही त्या घरची रीत पाळावी: लिंगायत घरात ‘लिंगैक्य’ म्हणतात, मुसलमान घरात ‘मरहूम’ म्हणतात, आणि तेच वहीत यावे. अशा घरी पहिल्या भेटीत कागद मागू नयेत. चहा घ्यावा, त्यांच्याविषयी आपल्याला जे चांगले आठवते ते सांगावे आणि उठावे. एक गोष्ट मात्र जरूर विचारावी, ती म्हणजे पेन्शन पत्नीच्या नावे झाली का. पेन्शनधारक वारल्यावर पत्नीला कुटुंब पेन्शन मिळते, परंतु अर्जच न केल्यामुळे ती न घेणाऱ्या दोन बहिणी मला या फिरण्यात भेटल्या. फंड ऑफिसात त्यांच्याबरोबर एक फेरी मारणे हेही याच कामात धरावे.

भांडणांचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. युनियन दोन असत, संप मोडणारे आणि न मोडणारे असत, मिल बंद पडताना मिळालेल्या रकमेवर सह्या करणारे आणि न करणारे असत. माझे मत असे आहे की हे सारे लिहावे, पण प्रत्येकाची बाजू त्याच्याच तोंडून आलेली असावी. एकाने दुसऱ्याबद्दल सांगितलेले लिहू नये. उसनवारी, दारू आणि घरातल्या गोष्टी लिहू नयेत. ही वही पुढे त्यांच्या नातवंडांच्या हातात जाणार आहे.

वहीत ४०–५० नावे झाली की सोबत्यांना एकदा एकत्र बोलवावे. हॉल घेण्याची गरज नाही. कोणाच्या तरी गच्चीवर किंवा देवळाच्या ओवरीत, सकाळी दहाच्या सुमारास, म्हणजे दुपारच्या आत सर्वांना आपापल्या घरी पोहोचता येईल, अशी बैठक ठेवावी. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या असाव्यात. भाषणे ठेवू नयेत. पाळीप्रमाणे आणि खात्याप्रमाणे हजेरी वाचावी, जसे टाइम ऑफिसात चालत असे तसे: आधी तिकीट नंबर, मग नाव. जे आलेले असतात ते हात वर करतात. जे नसतात त्यांचा नंबर वाचून क्षणभर थांबावे, आणि त्यांच्या शेजारच्या जागेवर जो काम करीत असे त्याने त्यांच्याविषयी एखादे वाक्य सांगावे. आमच्या पहिल्या बैठकीला २३ जण आले होते आणि हजेरी संपायला दोन तास लागले, कारण जवळजवळ प्रत्येक नंबरावर कोणीतरी म्हणत होते, ‘‘थांबा, त्याच्या पलीकडे आणखी एक जण होता.’’

अशा वेळी लिहिण्याचे काम एका तरुण हाताकडे द्यावे, कारण आपण ऐकत राहतो आणि लिहायचे विसरतो. बैठकीत चिठ्ठ्यांवर, पत्रिकेच्या पाठीवर, हाताच्या तळव्यावर जी नावे उतरवली जातात ती त्याच रात्री नकाशातल्या आपापल्या गोलात भरावीत, आणि सकाळी ज्या जागा अजूनही रिकाम्या दिसतील त्यांची यादी करून पुढच्या भेटीला निघावे.